टाकातली बाई

"एवढंसं तर हाय, पण रुततंय बघा. एका कुशीवर सुखानं झोपू द्यायचं न्हाई कधी."

शालनबाई हे माझ्या कानाशीच पुटपुटल्या. मुद्दाम नव्हे, दुसरीकडं तोंड वळवायला जागाच नव्हती. माझ्या काँप्युटरची खोली म्हणजे आमच्या स्टुडिओची जुनी डार्करूम. तिथं दोघी बसल्या की तिसरीला श्वास विचारून घ्यावा लागायचा. मान खाली घालून त्या गळ्यातली साखळी सोडवत होत्या आणि त्यांचं डोकं जवळजवळ माझ्या खांद्यावर टेकलं होतं. मंगळसूत्राच्या मागं, पोलक्याच्या आत, चांदीचा एक पत्रा लोंबत होता. रुपयाच्या नाण्याएवढा. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई.

"अगं, अगं! काढतीस काय?" दारातून तारूआक्का ओरडल्या. "सवतीचा टाक हाय त्यो! गळ्यातनं उतरवायचा नसतोय!"

"फोटो काढायचाय त्येचा, वन्सं. गळ्यासकट मला मशिनीत घालू का?"

आणि त्यांनी तो टाक माझ्या तळहातावर ठेवला, पानवाल्यानं सुपारी ठेवावी तसा.

मला नवल वाटलं. आमच्या विट्याकडं ही जुनी रीत. पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. सणाची साडी आधी टाकाला दाखवायची, मग आपण नेसायची. पानातला पहिला घास तिचा. नाहीतर मेलेली सवत संसार होऊ देत नाही म्हणतात. माझ्या लहानपणी मी अशा बायका पाहिल्या होत्या. टाकाला कुणाचा नुसता धक्का लागला तरी त्या पांढऱ्याफटक पडायच्या. शालनबाईंच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. गळा मोकळा झाल्यावर त्यांनी तिथं दोनदा खाजवलं, एवढंच.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आता माझं काम पोरं मोबाइलवर बोट फिरवून करतात आणि मला शिकवायला येतात. तेव्हा मात्र तालुक्यात असं काम करणारी मी एकटी होते. आमचे हे जुन्या रोलचे फोटोग्राफर. काँप्युटर आला तेव्हा 'फोटो काढायचा असतो, बनवायचा नसतो' म्हणून बाहेर काउंटरवर जाऊन बसले ते बसलेच. मग मीच शिकले. इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळं प्रोग्रॅममधली हत्यारं त्यांच्या चित्रांवरून ओळखायची. कात्री, ब्रश, खोडरबर. बाईला आणखी काय लागतं? लग्नातल्या जोडप्यांना मी बर्फात उभं केलं, बारशाच्या पोरांना कृष्ण केलं, आणि गावातल्या कितीतरी गेलेल्या म्हाताऱ्यांना कधी न पाहिलेल्या नातवंडांच्या शेजारी बसवलं. मेलेली माणसं माझ्या हातून बरीच हिंडून आली.

"काकू, तुमच्या काचेत ते चित्र लावलंय ना," खुर्चीच्या मागून वृषाली म्हणाली, "शिंपीआज्जींचा चेहरा देवीच्या चित्रात मिसळलेला. चेहरा कुठं संपतो आणि चित्र कुठं सुरू होतं, कळतच नाही. तसंच करायचं. हा टाक घ्या आणि माझा चेहरा घ्या. दोन्ही मिसळून माझी आई काढा."

वृषाली ही जगन्नाथराव देवकरांची एकुलती मुलगी, पहिल्या बायकोची. शालनबाई तिची सावत्र आई, तिला ती मावशी म्हणायची. तारूआक्का तिची आत्या आणि घरातला शेवटचा शब्द. पंधरा दिवसांवर वृषालीचं लग्न आलं होतं.

"आईचा फोटो एकही नाही?" मी विचारलं.

"एकबी न्हाई," आक्का म्हणाल्या. "लग्नाचा अल्बम होता, त्यो वाळवीनं खाल्ला."

"पप्पा म्हणतात, लग्नात फोटो काढलेच नव्हते," वृषाली म्हणाली.

"त्येला काय आठवतंय?"

देवकरांचा गलाईचा धंदा. म्हणजे जुनं सोनंचांदी वितळवून त्यातली भेसळ काढायची. या धंद्यापायी विट्याची कितीतरी घरं देशभर पांगलीत. देवकरांचं दुकान तमिळनाडूत, सेलमला. पहिली बायको इंदुमती तिकडंच वृषालीच्या बाळंतपणात गेली. तिकडंच तिची माती झाली आणि जगन्नाथराव तान्ह्या पोरीला घेऊन गावी आले, असं सगळं गाव जाणत होतं. इंदुमतीच्या माहेरी विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"माझ्या वाढदिवसाला आमच्या घरी गोड करत नाहीत, काकू," वृषाली म्हणाली. आपला पत्ता सांगावा तितक्या सहज. "आई त्याच दिवशी गेली ना. आत्या म्हणते, आईला गिळूनच आलीस."

"मायेनं म्हणते मी," आक्का म्हणाल्या.

"हो, मायेनंच. पण आता दुसऱ्याच्या घरी जायच्या आधी मला एकदा आईच्या पाया पडायचंय. माफी मागायचीय तिची. कुणाकडं बघून मागू? याच्याकडं?"

माझ्या हातातला टाक तिनं बोटानं जरासा हलवला. त्यावरच्या बाईला डोळे म्हणून दोन ठिपके होते, नाक म्हणून एक रेघ, आणि तोंड सोनारानं दिलंच नव्हतं.

शालनबाई खाली बघून रिकामी साखळी बोटाला गुंडाळत होत्या.

मी आधी टाकाचा फोटो घेतला, मग वृषालीचा. अंबाडा घालून, शालनबाईंची साडी तिच्या खांद्यावरून घेऊन. मग विचारायला बसले. चेहरा बनवायचा तर काहीतरी हाताला लागायला हवं.

"रंग कसा होता?"

"गोरी," आक्का म्हणाल्या.

"आणि नाक?"

"चांगलं होतं की. नाकासारखं नाक."

मी बाहेर ह्यांना हाक मारून जगन्नाथरावांना आत पाठवायला सांगितलं. ते उंबऱ्यापर्यंत आले, आत आले नाहीत. उंच, खांदे पुढं झुकलेले. भट्टीपुढं आयुष्य गेल्यानं भुवया जळून विरळ झालेल्या.

"दादा, वहिनींचा रंग कसा होता?"

"सावळा."

आक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं. "म्हंजे गव्हाळ," ते म्हणाले.

"नाक? हनवटी? काही तीळबीळ?"

ते माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. "वृषालीसारखीच करा की. लेक आईसारखीच असती." आणि स्कूटर उन्हात आहे म्हणून बाहेर गेले.

नुसतं हातात घेऊन सोन्यातली भेसळ सांगणारा माणूस. बायकोचं नाक सांगता येईना. म्हटलं, पुरुष असेच. आमच्या ह्यांना तरी माझं सांगता येईल की नाही, कोण जाणे.

मग कामाला लागले. टाकाचा फोटो पडदाभर मोठा केला. त्यावर वृषालीचा चेहरा ठेवला आणि तो पातळ करत नेला. या कामात एकावर एक थर ठेवायचे असतात, त्यांना लेअर म्हणतात. मी मनात पापुद्रे म्हणते. चांदीचा पापुद्रा, कातडीचा पापुद्रा, सावलीचा पापुद्रा. खालचा किती दिसू द्यायचा आणि वरच्यानं किती झाकायचं, यातच सगळी कला. पदराच्या जागी मी चांदीवरचे हातोडीचे ठोके तसेच ठेवले, आणि गळ्यापासून वर हळूहळू कातडी येऊ दिली. म्हणजे बाई चांदीतून डोकं वर काढते आहे असं वाटावं. चित्र झकास झालं. पण ती कुणाची आई नव्हती. ती वृषालीच होती, उसनी साडी नेसलेली.

त्याच आठवड्यात एका दुपारी शालनबाई एकट्याच आल्या. हातात पिशवी, पिशवीत मेथी.

"भाजीला म्हणून आलीया," त्या म्हणाल्या आणि न विचारता माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "दावा बघू."

मी दाखवलं. त्यांनी चष्मा नसलेल्या माणसासारखे डोळे बारीक केले.

"ही न्हाई."

"मलाही तसंच वाटतंय. पण कुणी काही सांगतच नाही."

"मी सांगते की. हनवटी जरा म्होरं घ्या. आनखी. हां. भिवया येवढ्या कोरीव नगात. डाव्या भिवईत मधीच एक फट हाय. लहानपनी पडली होती म्हणं. हां, तितंच."

मी ब्रश फिरवत होते. त्या बोट पडद्याला लावायच्या आणि लगेच पदरानं डाग पुसायच्या.

"रंग सावळाच करा. वन्संचं ऐकू नगा. गाल आत घ्या. डोळ्याखाली जरा थकलेलं. आनि हितं, कानाच्या वर, केस पांढरं."

माझा हात थांबला. "शालनबाई, बाळंतपणात गेलेली बाई. विशीतली असेल. तिचे केस कसे पिकतील?"

त्यांनी पिशवीतली मेथी बाहेर काढली, झटकली, परत आत ठेवली.

"टाकाला वय नसतंय व्हय? माझ्या गळ्यात हाय ती इतकी वर्सं. मी पिकले, तशी तीबी पिकली."

मी केस पिकवले. एकेक. त्या शेजारी बसून 'हां, आनखी', 'एवढं नगं' म्हणत राहिल्या. मेंदी काढताना बायका जशा म्हणतात ना, तशा सुरात.

"तुम्ही यांना पाहिलंय का कधी?" मी विचारलं.

"ऐकलंय."

"भिवईतली फटसुद्धा?"

"ऐकणारं ऐकतंय." मग स्वतःच म्हणाल्या, "वन्सं म्हणत्यात, टाकाची पूजा मनापासनं केली न्हाईस, म्हणून तुझी कूस उजवली न्हाई. सवत आडवी आली. सोमवार धरायला लावलं मला, ह्या टाकापुढं नाक घासायला लावलं. घासलं. पर खरं सांगू? ती कुणाला आडवी जायची बाई न्हाई."

"आणि तोंड? शांत ठेवू की हसरं?"

"हसरं. चांगलं मोठं. हसती ती दात दिसंपर्यंत... हसायची म्हणं. म्होरच्या दोन दातात जागा ठिवा जराशी. त्या हसण्यापायीच तर—"

"तर काय?"

"मेथी सुकली माझी."

पण त्या उठल्या नाहीत. मी ओठ उघडले, दातांत फट ठेवली, गालावर हसण्याच्या सुरकुत्या आणल्या. आता पडद्यावर वृषाली जवळजवळ उरलीच नव्हती. होती ती चाळिशी ओलांडलेली एक सावळी बाई, चांदीतून वर आलेली, कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललंय आणि ती आत्ता उत्तर देणार आहे अशी. मी इतके चेहरे जोडले, पण असं कधी झालं नव्हतं. खुर्ची मागं सरकवून मी तिला जागा करून दिली.

शालनबाई एकदम उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. थोरली जाऊ दारात आली की घेतात तसा. सवत मानानं मोठी, म्हणून घेतला असेल, असं मला तेव्हा वाटलं.

"असंच छापा," त्या म्हणाल्या. "वृषालीला मी सांगते."

"आणि आक्कांना?"

"त्यास्नी दिसंलच की."

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी देवकरांची जीप आमच्या दुकानापुढं थांबली. आत बस्त्याची गाठोडी, नारळाचं पोतं, आणि त्यातून वाट काढत उतरलेली चौघं. ह्यांनी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरवर ठेवली होती. त्यांनीच कागद काढला आणि फ्रेम भिंतीला टेकवून उभी केली.



जगन्नाथराव गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि परत घातला नाही.

"ह्ये कुनी सांगितलं असं करायला?" तारूआक्कांनी विचारलं. विचारलं मला, पण बघत होत्या शालनबाईंकडं.

"मी," शालनबाई म्हणाल्या.

वृषाली फ्रेमच्या अगदी जवळ गेली. तिनं हात पुढं केला, पण काचेला लावला नाही. "किती जिवंत वाटते," ती म्हणाली. "काकू, पण... केस पांढरे का? आई तर गेली तेव्हा माझ्याहूनही लहान असेल."

"चुकलंय त्ये," आक्का घाईघाईनं म्हणाल्या. "बाई, ह्ये पांढरं पुसून टाका. आत्ताच्या आत्ता पुसा. आनि दात कशाला दावलेत? घरंदाज बाईचा फोटो असा दात काढून असतोय व्हय?"

"पुसायचं न्हाई," शालनबाई म्हणाल्या.

"तुला कोन इचारतंय?"

"राहू दे ना, आत्या," वृषाली म्हणाली. "मावशीनं सांगितलंय तर असू दे. आई आत्ता असती तर अशीच असती, असं समजू." आणि ती शालनबाईंकडं बघून हसली. पुढच्या दोन दातांत जराशी जागा. ती तिलाही होती. मी तिच्या फोटोवर इतके दिवस काम केलं, पण फोटोत ती ओठ मिटून बसली होती.

आक्कांनी पिशवीतून एक पुडा काढला. आत चंदनाचा हार होता, नवा कोरा. गेलेल्यांच्या फोटोला घालतात तो. दुकानभर वास पसरला.

"बरं, असू दे तर असू दे. खाली नाव टाका. कैलासवासी सौभाग्यवती इंदुमती जगन्नाथ देवकर. म्होरं तारीख." त्या थांबल्या.

मी कागद-पेन घेऊन उभी होते. "कुठली तारीख?"

आक्का भावाकडं बघायला लागल्या. भाऊ फरशीकडं.

"माझ्या वाढदिवसाची," वृषाली म्हणाली. "अजून कुठली?"

"तारीख नगं," जगन्नाथराव म्हणाले. ते आल्यापासून पहिल्यांदाच बोलले.

"का नको, पप्पा?"

"नगं म्हणलं ना. नाव बास झालं."

"असू दे. नाही घालत." वृषालीनं आत्याच्या हातातून हार घेतला. चपला काढून बाजूला ठेवल्या. दुकानात, फरशीवर, उन्हाच्या चौकोनात ती उभी राहिली आणि हार मनगटावर अडकवून तिनं हात जोडले. आम्ही सगळे तिथं असल्याचं ती विसरली होती, किंवा तिला चालणार होतं.

"आई," ती म्हणाली, "मी येताना तुला न्यायला लागलं. मला काही कळत नव्हतं तेव्हा. तरी माझ्यामुळंच गेलीस. माझ्यावर राग धरू नकोस. माझ्या पोटी कुणी आलं तर त्याच्यावरही..."

आमचे हे उगाचच काउंटरवरच्या पाकिटांची चळत सरळ करायला लागले.

वृषालीनं डोळे पुसले आणि हार दोन्ही हातांत उघडून धरला.

शालनबाईंनी तो मधेच पकडला.

"मावशी?"

शालनबाईंनी दुसऱ्या हातानं गळ्यातली साखळी ओढली. आज सोडवली नाही, ओढली. ती तुटली. टाक काउंटरवर पडला, गोल फिरला आणि फ्रेमच्या पायाशी आडवा झाला.

"शालन!" आक्का पुढं आल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "जीपमधी बस. उद्या हळद हाय घरात. तोंड उघडशील तर तुझंच घर जाईल, सांगून ठिवते. तुझंच. दुसरं कुनाचं न्हाई."

"जाऊ दे की," शालनबाई म्हणाल्या. "कवा माझं होतं?"

"अहो, तुम्ही तरी सांगा तिला!" आक्का भावावर नव्हे, आमच्या ह्यांच्यावर ओरडल्या. भाऊ बाकावरून हलला नव्हता. त्याच्या हातात चष्मा तसाच होता.

शालनबाईंनी वृषालीच्या हातातून हार सोडवून घेतला. अगदी सावकाश, लहान पोराच्या हातातून काचेचं काही काढून घ्यावं तसा.

"ह्यो घालू नगंस, बाळ. जित्या माणसाला चंदनाचा हार घालत न्हाईत."

वृषालीनं आधी मावशीकडं पाहिलं. मग फोटोकडं. मग हळूहळू वळून वडिलांकडं.

"पप्पा?"

जगन्नाथराव काउंटरमागच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"त्यांचं तोंड उघडायचं न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "माझ्याकडं बघ. तू कुनाला गिळून आली न्हाईस. भट्टीवरच्या गड्याशी हसून बोलली म्हणून ह्येंनी तुला ठिवून घितलं आनि तिला दाराभायेर काढली. सेलमला हाय तुझी आई. देवळाच्या दारात गजरं विकती. मागल्या साली गेले, तवा माझ्या डोळ्यानं बघून आले मी. अजून तशीच हसती."